माझ्या गाठीचा एकच काप

मी एम.एस्सी. आहे. बायोटेक्नॉलॉजी, पहिला वर्ग. जळकोट तालुक्यातल्या आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आजारपणात जो घोळ झाला तो गाठीमुळं कमी आणि या पदवीमुळं जास्त झाला. गाठ डाव्या स्तनात होती. आता नाही. घोळ कसा झाला ते लिहून ठेवते, म्हणजे माझ्यासारखं दुसरं कुणी शिकलेलं माणूस तसाच करणार नाही.

मी नांदेडला एका संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. आठवडाभर नांदेड, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं अहमदपूर. अहमदपूरला आमच्या मालकांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. मालकांचं नाव दिगंबर, शिक्षण बारावी. लग्न ठरलं तेव्हा त्यांचे दोस्त त्यांना म्हणाले होते, जास्त शिकलेली बायको करून राहिलास, जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. हे म्हणाले, घेऊ की ऐकून. बारा वर्षं त्यांनी शब्द पाळला. जरा जास्तच पाळला.

रिपोर्टचा दिवस

गाठ हाताला लागली तेव्हा हरभऱ्याच्या घाट्याएवढी होती. दोन महिने मी तिला हार्मोनची म्हणून वागवलं. कमी शिकलेली बाई घाबरून लवकर डॉक्टरकडं जाते, मी इंटरनेटवर वाचत बसले. शेवटी लातूरच्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढला आणि आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला बोलावलं.

त्या दिवशी माझी माय सोबत होती. गावाकडून मुद्दाम आली होती. मालक आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेले होते. खिडकीतून पाकीट मिळालं, मी तिथंच उभ्या उभ्या उघडलं. मायनं विचारलं, काय लिवलंय. मी तिला दोन ओळी इंग्रजीतच खड्या आवाजात वाचून दाखवल्या, शाळेत धडा वाचावा तशा. माय मान हलवत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "लई चांगलं वाचलीस. आता मराठीत सांग."

"कॅन्सर हाय म्हणतेत, माय."

तिनं पदर नीट केला. मग विचारलं, "काढतेत का ठेवतेत?"

"काढतेत."

"मग झालं. वांग्यात कीड निघाली तर तेवढं कापून बाकीची भाजी करतोच की आपण."

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं काढू, काखेतल्या गाठी तपासू, बाकीचं राखू. मायनं माझ्याकडं असं बघितलं की जणू हा बेत तिनंच डॉक्टरीणबाईंना शिकवला होता. वांग्याची गोष्ट मला सांगावीच लागली. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली.

मालक आले तेव्हा आम्ही बाकावर बसलो होतो. मी त्यांना सांगितलं. ते हातातल्या कागदांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मी दोनच झेरॉक्स काढल्यात." आणि परत झेरॉक्स काढायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात आधार कार्डाच्या वीस झेरॉक्स होत्या. त्यातल्या काही अजून घरात आहेत.

पिशव्या

ऑपरेशनचं मला काही भारी वाटलं नाही. झोपले आणि उठले. जड गेली ती नळी. काखेखालून एक नळी बाहेर काढतात आणि तिला एक बाटली लावतात, जखमेतलं पाणी तिच्यात जमतं. सकाळी सहाला नर्स येऊन बाटलीतलं पाणी मोजायची, मग फरशी पुसणारी बाई, मग चहा, मग राउंड. पाणी कमी झालं की नळी निघणार आणि नळी निघाली की घरी जायचं. त्यामुळं वॉर्डातल्या आम्हा चौघींना सकाळी सकाळी एकच प्रश्न: तुझं किती?

बाटली हातात धरून संडासला जाणं म्हणजे कसरत. मायनं दुसऱ्याच दिवशी खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली, गळ्यात अडकवायला बंद लावला आणि बाटली तिच्यात ठेवली. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, मावशी, मलाबी. मायनं तिघींनाही शिवून दिल्या, एकीला हिरवी, एकीला जांभळी, एकीला बुट्ट्यांची. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "काय हो, लग्नाला निघालात का सगळ्या?"

मला लोक विचारतात, दवाखान्यातले दिवस कसे काढले. खरं सांगते, बरे होते. भीती नंतर आली. आणि ती मी स्वतःच्या हातानं आणली.

बैल ओळखणारा माणूस

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गाठ पूर्ण निघाली आहे, पण काखेतल्या एका गाठीत थोडं सापडलंय, म्हणून सहा वेळा सलाईनमधून औषध घ्यायचं, तीन-तीन आठवड्यांनी. चौथ्या आठवड्यात पहिलं. दुसऱ्या कुणाला केमोथेरपी म्हटलं की केस आठवतात. मला माझं टेबल आठवलं.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, कंटाळू नका. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एका एन्झाइमच्या मागं लागलोय. काही काही कॅन्सरच्या पेशींमध्ये हे एन्झाइम खूप असतं, आणि ते केमोच्या एका औषधाला पेशीतच मोडून टाकतं. औषध पोचतं, पण निकामी होऊन. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर मी हे रोज बघते. एन्झाइम कमी असलेल्या मरतात, जास्त असलेल्या मजेत राहतात. आणि मला जे मिळणार होतं त्यात हेच औषध होतं.

पेशीत एन्झाइम आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अँटीबॉडी लागते. जनावरांच्या बाजारात हजार बैलांत आपला बैल बरोबर ओळखून त्याच्या गळ्यात हात टाकणारा माणूस असतो, तशी ही अँटीबॉडी. तिला एकच एन्झाइम ओळखता येतं. दिसलं की त्याला चिकटून बसते. मग आम्ही तिच्यावर रंग चढवतो. तपकिरी आलं म्हणजे एन्झाइम आहे, निळंच राहिलं म्हणजे नाही. आमची अँटीबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली, नखाएवढ्या कुपीत येते आणि फ्रीझरमध्ये राहते. खोक्यावर स्पष्ट छापलेलं आहे की ही फक्त संशोधनासाठी आहे, रोगाच्या निदानासाठी नाही. ही ओळ मी किती वेळा वाचली असेल! मिठाच्या पुडीवरची अक्षरं वाचतो तशी.

मायला मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. ती गावात सांगत फिरली की आमच्या मीराच्या हापिसात ससा रोग ओळखतो.

माझ्या डोक्यात विचार आला की माझ्या गाठीत हे एन्झाइम किती आहे ते बघावं. कुपी माझ्याच ताब्यात, हात माझेच. दवाखान्यात काढलेली गाठ मेणाच्या वडीत जपून ठेवलेली असते आणि पेशंटनं अर्ज केला तर तिचे पातळ काप काचेवर लावून मिळतात. लातूरला तिथल्या लॅबमध्ये हबीबभाई म्हणून जुने टेक्निशियन आहेत. पिकलेली दाढी, नाकावर चष्मा. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "एकच काप, म्याडम?"

मी म्हणाले, "एकच बस्स. मी एम.एस्सी. आहे."

त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि एक काप दिला.

रविवार

आमच्या प्रयोगशाळेत पोरं मला मागं 'कंट्रोल मॅडम' म्हणतात. मला माहीत आहे. कारण नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: जोडीला कंट्रोल नसेल तर प्रयोग केलाच नाही असं समजायचं. कंट्रोल म्हणजे साधी गोष्ट आहे. एका कापाला अँटीबॉडी लावायची, दुसऱ्याला बाकी सगळं तेच करायचं पण अँटीबॉडी लावायची नाही. दुसरा कोराच राहिला पाहिजे. तोही रंगला, तर पहिल्याच्या रंगाला काही अर्थ नाही.

हे शिकवणारी मी, आणि मी एकच काप आणला.

आज विचार केला तर वाटतं, मला त्या दिवशी प्रयोग करायचाच नव्हता. मला उत्तर पाहिजे होतं. प्रयोगाला कंट्रोल लागतो, उत्तराला घाई लागते.

रविवारी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. काप उकळायला आम्ही घरातलाच प्रेशर कुकर वापरतो, तो लावला. हाताला अजून ताण बसत होता, काखेत ओढ लागायची. मधे मायचा फोन आला, जेवलीस का म्हणून. तिच्याशी बोलता बोलता काप जरा वाळला. रंग टाकला तो डोळ्यांत पाणी आल्यामुळं किती वेळ ठेवला ते कळलं नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

तपकिरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चहाचा कप सांडावा तसा.

मी दिवे बंद केले, सगळं धुऊन जागेवर ठेवलं आणि एसटीत बसले. मनात एकदम शांत वाटलं. म्हटलं, चला, निकाल लागला. औषध माझ्यावर चालणार नाही. मग सहा वेळा उलट्या कशाला काढायच्या? जेवढे दिवस आहेत तेवढे बरे घालवू.

घरात कुणी बोललं नाही

घरी सांगितलं. मायला, मालकांना. मी प्रयोग केलाय, औषधाचा मला उपयोग नाही, मी घेणार नाही.

मला वाटलं होतं दोघं भांडतील. भांडायचं कसं, ते त्यांना माहीतच नव्हतं. आमच्या घरात कुणाच्याही तापापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत काही आलं तर एकच उत्तर असतं: मीराला विचारा. माझ्या शब्दाला काट मारायची कुणाला सवयच नव्हती. माय तीन दिवस गप्प राहिली. मग शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "ती न्हाई म्हणती. तिला कळतंय, शिकलेली हाय." शेजारीण म्हणाली, मग बरोबरच असंल.

मी आनंदात असल्यासारखं वागत होते. साड्या कपाटात लावल्या, पापड केले, मायला हसवलं. पहिल्या औषधाची तारीख आली आणि गेली. दवाखान्यातून फोन आला, मी घेतला नाही. दुसऱ्यांदा आला, मालक फोनकडं बघत राहिले, फोन वाजून बंद झाला. त्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी काय काय आणलं: गरम भजी, नवीन पंखा, पायाला मऊ चपला. एवढं सगळं आणणारा माणूस काही बोलत नाही, हे मला टोचत होतं. पण मीही विचारलं नाही.

पोत्यावर बसून

एका सकाळी घरात करमेना म्हणून मी दुकानात जाऊन बसले. पेरण्या होऊन पंधरा दिवस झाले होते, तक्रारींचा मोसम. एक शेतकरी रागारागात आला. म्हणाला, तुमचं सोयाबीनचं बी खोटं आहे, दोन एकरात मुठीएवढी रोपं उगवली नाहीत.

मालकांनी त्याला पाणी दिलं, बसवलं. त्यांची एक पद्धत आहे, ती मी इतकी वर्षं बघत आले होते पण कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. पिशवीवरचा लॉट नंबर वहीत बघितला आणि विचारलं, याच लॉटचं बी तुमच्या शिवारात अजून कुणी पेरलं? शेतकरी म्हणाला, शेजारच्या वावरात पेरलंय. तिथं कसं आहे? शेतकऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाला, तिथं बरं आहे. मालक म्हणाले, मग बी तेच, वावर वेगळं. पेरलं किती खोल? तो म्हणाला, ट्रॅक्टरवाल्यानं जरा खोल घातलं खरं. चहा पिऊन गेला. जाताना भांडण विसरून गेला.

दुकान रिकामं झालं. मालक युरियाच्या पोत्यावर बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक विचारू का? चुकीचं असलं तर सोडून दे."

"विचारा की."

"तू तपासलं तवा तपकिरी आलं. ते सशाचं औषध न लावता तपासलं असतं, तर कोरं आलं असतं का?"

माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. इतक्या वर्षांत कितीदा दिलं असेल हे उत्तर. पण तोंडातून निघेना. कारण हाच प्रश्न मी दरवर्षी नव्या पोरांना विचारते. जो उत्तर देत नाही त्याला त्या दिवशी टेबलाला हात लावू देत नाही.

मी म्हणाले, "माहीत न्हाई."

त्यांनी वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं मी काय सांगू. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि माझ्या तोंडून हे दोन शब्द ते पहिल्यांदा ऐकत होते.

"मग आज लातूरला जाऊ का?" ते म्हणाले.

"हा प्रश्न कवापासून मनात होता?"

"तू सांगितलं त्याच दिवसापासून."

"मग विचारलं कामून न्हाई?"

"मला वाटलं एवढं साधं तुला सुचलंच असंल. शिकलेल्या माणसाला काय विचारावं."

मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि हसूही आलं. तिन्ही एकदम.

किती शिट्ट्या?

हबीबभाईंनी या वेळी अर्ज वाचलाही नाही. म्हणाले, "आठ काप देतो. चार तुमच्या गाठीचे, चार चांगल्या मांसाचे. त्या दिवशीच विचारणार होतो, म्याडम, जोडीला काय लावणार म्हणून. पण तुम्ही एम.एस्सी. म्हणालात, मी चूप बसलो." मी म्हणाले, चाचा, पुढच्या वेळी कुणी असं म्हटलं तर दोन रट्टे द्या. ते म्हणाले, "तौबा, म्याडम."

प्रयोगशाळेत मालक पहिल्यांदाच आले. मी त्यांना पांढरा कोट दिला, बटणं लागेनात. कुकर बघून त्यांनी विचारलं, किती शिट्ट्या? मी सांगितलं, इथं शिट्ट्या नाही, मिनिटं मोजतात. मग ते बाटल्या बघत फिरू लागले. दुकानदार माणूस, कोणतीही वस्तू हातात आली की आधी तारीख बघणार. एक बाटली उचलून म्हणाले, "याच्यावर तारीख कुठंय?"

ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. रंग चढवण्याच्या आधी मांसातलं स्वतःचं रंगवणारं रसायन मारून टाकायला ते लागतं. ताजं पाहिजे, नाहीतर त्याचा जोर जातो. ही बाटली कुणी, कधी भरून टेबलावर ठेवली होती देव जाणे. त्या रविवारी मी तीच वापरली होती.

मी दोन प्रकारे करून बघितलं. अर्ध्या कापांना त्या रविवारसारखंच: जुनी बाटली, वाळू देणं, रंग जास्त वेळ. बाकीच्यांना सगळं ताजं आणि घड्याळ लावून. दोन्हींत काही काप अँटीबॉडी लावलेले, काही बिनअँटीबॉडीचे.

त्या रविवारसारखे केलेले काप बघितले. अँटीबॉडी लावलेला तपकिरी. न लावलेलाही तपकिरी, अगदी तसाच. माझ्या गाठीचाही आणि चांगल्या मांसाचाही. सशाला काही दिसलंच नव्हतं. रंग माझ्या घाईचा होता.

मग ताजे काप. न लावलेले निळेच. लावलेल्यात कुठं कुठं तपकिरी ठिपके, मोजके. मालकांनी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि विचारलं, म्हणजे औषध चालणार? मी म्हणाले, तेही यावरून सांगता येत नाही. ही अँटीबॉडी आम्ही काचेच्या बशीतल्या पेशींवर वापरतो. मेणातल्या मांसावर ती बरोबर ओळखते की नाही, आम्ही कधी तपासलंच नाही. माझ्या गाठीत ते एन्झाइम नक्की किती होतं, हे मला आजही माहीत नाही.

"बरं," ते म्हणाले, "मग माहीत असणाऱ्याकडं जाऊ."

शिव्या पडल्या नाहीत

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचा प्रयोग बरोबर आला असता ना, तरी मी हेच औषध दिलं असतं. हे औषध तुमच्यासारख्या पुष्कळ बायकांना देऊन, वर्षानुवर्षं बघून ठरलेलं आहे. तुमची कुपी अजून त्या बायकांपर्यंत आलेली नाही. आली की सांगा, मीच तुमच्याकडं काप पाठवीन."

मी विचारलं, उशीर झाला का? त्या म्हणाल्या, झाला, पण गाडी सुटलेली नाही. सोमवारी या.

माय बाहेर बाकावर होती. तिला सांगितलं की माझाच प्रयोग चुकला होता, औषध घ्यायचं आहे. मला वाटलं ती देवाला हात जोडेल. ती म्हणाली, "तुझं चुकू शकतंय व्हय? आधी सांगायचं न्हाई का, मी लई भांडले असते." आणि तिथंच, माणसांत, माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तीन आठवडे साठवलेला होता तो.

सलाईनची खोली

औषध सोपं नाही, पण बाऊ करण्याइतकंही नाही. तिसऱ्या दिवशी अंग पिळून निघतं, पाचव्या दिवशी भूक परत येते. तोंडाला लोखंडाची चव राहते. मला त्यावर चिंचेचा ठेचा चालला, डॉक्टरीणबाईंना विचारून. केस सतराव्या दिवशी उशीवर आले. मायनं टक्कल बघून सांगितलं, जन्मली तवा अशीच होतीस, फक्त वजन कमी होतं. उलट्या झाल्या, पण जेवढ्या मनात काढल्या होत्या तेवढ्या नाही झाल्या. ज्यांना व्हायच्यात त्यांना एवढंच सांगते, गोळी उलटीच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. नर्सला लाजू नका, रात्री त्रास झाला तर सकाळपर्यंत थांबू नका, दवाखान्याच्या नंबरला फोन करा.

घरात आता भांडणं होतात. मालक माझ्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी 'जोडीला काय लावलं?' विचारतात. भाजीत मीठ जास्त झालं तरी. मला कधी कधी जुने दिवस बरे वाटतात.

चौथ्या वेळी माझ्या बाजूच्या खुर्चीत रेणापूरकडची एक बाई होती. तिची पहिलीच वेळ. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला आणि हात पदराच्या आत. नर्स दोनदा येऊन गेली, ती हात बाहेर काढेना. तिच्या नवऱ्यानं माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि तिला म्हणाला, या म्याडम शिकलेल्या दिसतेत, त्यांला विचार.

तिनं माझ्याकडं तोंड केलं. "ताई, तुमी सांगा. घ्यावं का न्हाई हे औषध? तुमी म्हणाल तसं करते."

मला कधीकाळी हे ऐकायला फार आवडायचं. मी पुस्तक मिटलं.

"मला नका विचारू," मी म्हणाले. "तुमची गाठ डॉक्टरीणबाईंनी तपासलीय, मी न्हाई. तुमच्या मनात जे जे हाय ते त्यांनाच विचारा. उलटून विचारा. समजलं न्हाई तर परत विचारा. त्या ओरडत न्हाईत, मी करून बघितलंय."

"मग तुमी एवढं शिकून काय उपेग?"

तिचा नवरा तिच्यावर डोळे वटारायला लागला. मी त्याला हातानं थांबवलं. प्रश्न बरोबर होता.

नर्सला मी डॉक्टरीणबाईंना बोलवायला सांगितलं. त्या आल्या, स्टूल ओढून बाईसमोर बसल्या. बाईनं सात प्रश्न विचारले. मी मोजले. पहिला केसांचा होता, शेवटचा बारक्या लेकराला जवळ घेता येईल का हा होता. डॉक्टरीणबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. एकदा म्हणाल्या, हे मला नक्की माहीत नाही, विचारून सांगते.

मग बाईनं पदरातून हात काढला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला.